बाटलीएवढा जॅक आणि वीस टनांचा भार

मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्याकडे निघालेला, अथवा दहिसरकडून बोरिवलींत शिरलेला एखादा मालट्रक रस्त्याच्या कडेला कलून उभा राहिला आहे, हें दृश्य उपनगरांतील माणसाला नवें नाहीं. ट्रकाच्या मागें झाडाची एक हिरवी फांदी खोंचून ठेवलेली असते. चाकांना दोन धोंडे लावलेले असतात. आणि गाडीखालीं, अर्धा आंत व अर्धा बाहेर, अठरा-वीस वर्षांचा एक पोरगा पालथा पडून एका लोखंडी बाटलीचा दांडा वरखालीं करीत असतो. ट्रकवाले त्याला किन्नर म्हणतात; ‘क्लीनर’ या शब्दाचें रस्त्यावर झिजून झिजून झालेलें तें रूप आहे. शेजारून बसमध्यें जाणाऱ्या गृहस्थाला त्या वेळीं इतकेंच वाटतें कीं, या ट्रकापायीं आज कचेरींत उशीर होणार. त्या पोराच्या पाठीवर पांच-सहा टनांचें ओझें टांगलेलें आहे, आणि तें तोलून धरणारें तेल एका तांब्यांत मावण्याइतकें आहे, ही गोष्ट त्याच्या मनांत येत नाहीं.

या लोखंडी बाटलीलाच जॅक म्हणतात. सुशिक्षित कुटुंबांचा तिच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. मुलांना शाळेंत नेणारी बस, उन्हाळ्यांत सोसायटीच्या दारांत येणारा पाण्याचा टँकर, पहांटे कचरा नेणारी गाडी, बिऱ्हाड हलवितांना सामान वाहणारा ट्रक, हीं सर्व जड वाहनेंच होत. त्यांपैकीं एखाद्याचें चाक सोसायटीच्या फाटकांत बसलें कीं चिटणीसापासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वजण सल्ला देऊं लागतात, आणि सल्ला जितका मोठ्यानें दिलेला असतो तितका तो बहुधा चुकीचा असतो. ‘अहो, खालीं दोन विटा लावा म्हणजे झालें,’ असें सांगणारा एक तरी गृहस्थ त्या घोळक्यांत असतोच. त्याच्या विटांचा समाचार पुढें घ्यावयाचा आहे.

जॅकाचें पोट उघडून पाहिलें तर त्यांत एकांत एक अशीं दोन नळकांडीं दिसतात. आंतल्या नळकांड्यांत मोठा दट्ट्या असतो. त्याच्या भोंवतालच्या पोकळींत तेलाचा सांठा असतो. बाजूला करंगळीएवढा एक लहान दट्ट्या असून तो दांड्यानें वरखालीं होतो. दोन दट्ट्यांच्या मध्यें दोन झडपा असतात, आणि झडप म्हणजे दुसरें कांहीं नाहीं, एक पोलादी गोळी व तिला बसण्यापुरती खळगी. लहान दट्ट्या वर गेला कीं पहिली झडप उघडते आणि सांठ्यांतील तेल त्याच्याखालीं येतें. तो खालीं दाबला कीं पहिली झडप मिटते, दुसरी उघडते, आणि तें तेल मोठ्या दट्ट्याखालीं लोटलें जातें. मग दांडा पुन्हां वर नेला तरी मोठ्या दट्ट्याखालचें तेल मागें फिरूं शकत नाहीं. दुसऱ्या झडपेची गोळी त्याची वाट अडवून बसलेली असते. परतीची वाट एकच, ती बुडाशीं असलेल्या स्क्रूची. तो सैल केला कीं तेल सांठ्यांत परततें आणि ओझें खालीं येतें. याचा अर्थ असा कीं, ट्रक वर धरून ठेवण्याचें काम हरभऱ्याएवढ्या एका गोळीकडे आणि दट्ट्याभोंवतीं बसविलेल्या एका चकतीवजा सीलाकडे असतें. गोळीच्या खळगींत रेतीचा एक कण अडकला किंवा सील फाटलें, तर खालीं असलेल्या माणसाला सांगण्याची सोय त्या यंत्रांत केलेली नाहीं.

एवढ्याशा बाटलींत एवढें बळ येतें कोठून? बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा नियम फ्रेंच विद्वान ब्लेझ पास्काल यांनीं मांडला. या विषयावरील त्यांचा प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ सालीं, प्रसिद्ध झाला. आतां उदाहरणादाखल असें समजावें कीं, लहान दट्ट्याचा व्यास एक सेंटिमीटर आणि मोठ्याचा पांच सेंटिमीटर आहे. व्यास पांचपट, म्हणून क्षेत्रफळ पंचवीसपट. त्यांत दांड्याच्या तरफेनें हाताचा जोर वीसपट होतो असें धरावें. माणसानें दांड्यावर वीस किलो जोर दिला तर लहान दट्ट्यावर चारशें किलो येतात, आणि मोठ्या दट्ट्यावर त्याच्या पंचवीसपट, म्हणजे दहा हजार किलो किंवा दहा टन. घर्षणानें त्यांतील कांहीं भाग खर्ची पडतो, तो वेगळा. पण फुकट कांहींच मिळत नाहीं. लहान दट्ट्या पंचवीस मिलिमीटर खालीं गेला म्हणजे मोठा अवघा एक मिलिमीटर वर चढतो. पंधरा सेंटिमीटर उचलावयाचें तर दीडशें वेळां दांडा मारावा लागतो. त्या वेळीं आंतील तेलावरचा दाब दर चौरस सेंटिमीटरास पांचशें किलोच्या घरांत असतो. ट्रकाच्या टायरमध्यें हाच दाब सात-आठ किलो असतो, आणि तेवढ्या दाबाचा टायर फुटला तरी साऱ्या गल्लीला ऐकूं जातो. जॅकाचें नळकांडें जाड पोलादाचें कां असतें, आणि फुटलेलें नळकांडें कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून जोडून आणणें हा अविचार कां, हें यावरून कळेल.

पास्काल यांचा नियम व्यवहारांत उतरावयास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लागला. १७९५ सालीं लंडनचे कुलूप करणारे जोसेफ ब्रामा यांनीं पाण्याच्या दाबानें चालणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांची खरी अडचण बळाची नव्हती, गळतीची होती. दाब जितका वाढे तितकें पाणी दट्ट्याच्या बाजूनें निसटे. दाबाबरोबर आपोआप अधिकच घट्ट बसणारी चामड्याची वाटी बसवून ही अडचण दूर झाली. त्या युक्तीचें श्रेय त्यांच्या कारखान्यांतील हेन्री मॉड्स्ले यांना दिलें जातें. पुढें १८५१ सालीं न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनीं हेंच यंत्र उचलून नेतां येईल अशा आकारांत आणून त्याचें पेटंट मिळविलें. आज ट्रकाच्या पेटींत असणारी बाटली त्याच घराण्यांतली.

या घराण्याचा एक पराक्रम मुंबईशीं दूरचें नातें सांगतो. अभियंते ब्रुनेल यांचें ‘ग्रेट ईस्टर्न’ हें त्या काळचें जगांतील सर्वांत मोठें जहाज लंडनजवळ टेम्स नदीच्या कांठीं बांधून तयार झालें, आणि १८५७ च्या नोव्हेंबरांत तें पाण्यांत लोटण्यास प्रारंभ झाला. जहाज थोडेंसें सरकलें आणि अडून बसलें. सांखळ्या तुटल्या, माणसें जायबंदी झालीं, बघ्यांची करमणूक झाली. अखेर बर्मिंगहॅमच्या टँजी बंधूंचे जॅक इतर यंत्रांच्या जोडीला लावून, बोटबोट सरकवीत, ३१ जानेवारी १८५८ रोजीं तें तरंगविण्यांत आलें. टँजी बंधूंचा कारखाना तेव्हांपासून नांवारूपास आला. जॅकांनीं पाण्यांत लोटलेलें हेंच जहाज १८७० सालीं मुंबईच्या बंदरांत येऊन उभें होतें. मुंबई ते एडन ही समुद्राखालची तार त्यानेंच टाकली.

तथापि उपनगरांतील श्रोत्यांना टेम्सपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. अंधेरी स्टेशनाजवळील गोपाळ कृष्ण गोखले पुलाची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. जुन्या पुलाच्या पादपथाचा भाग ३ जुलै १९१८ रोजीं नव्हे, तर अगदीं अलीकडे, ३ जुलै २०१८ रोजीं, रेल्वेच्या रुळांवर कोसळला. पुढें ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल रहदारीला बंद झाला, आणि नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजीं खुली झाली. तेव्हां लोकांच्या लक्षांत आलें कीं, रेल्वेच्या नियमाप्रमाणें उंच बांधलेला नवा पूल आणि त्याला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्यामध्यें एक उंच पायरी पडली आहे. गोखले यांनीं तरुणपणीं शिक्षकाचें काम केलें आणि त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. त्यांच्याच नांवाच्या पुलावर वजाबाकीचा हा हिशेब उरावा, याबद्दल वृत्तपत्रांनीं महानगरपालिकेची यथेच्छ थट्टा केली. परंतु त्यानंतर जें काम झालें तें थट्टेचें नव्हतें. माटुंग्याच्या व्हीजेटीआय या संस्थेचा सल्ला घेऊन बर्फीवाला पुलाचा तो भाग पाडून न टाकतां जॅकांवर उचलण्यांत आला. एका बाजूस १३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूस ६५० मिलिमीटर. ४ जुलै २०२४ रोजीं दोन्ही पूल जोडून त्या वाटेनें गाड्या जाऊं लागल्या.

या कामांत जॅकाएवढीच महत्त्वाची गोष्ट दुसरी होती, आणि वृत्तपत्रांतून तिचा उल्लेख ओळीभराचाच आला. पूल जसजसा वर गेला तसतशीं त्याच्याखालीं पोलादी स्टुलें बसवीत नेलीं होतीं. जॅक उचलतो, उचललेलें धरून ठेवण्याचें काम त्याच्या शेजारच्या मुक्या आधाराचें असतें. शेंकडों टनांचा पूल उचलणाऱ्या अभियंत्यांनीं जॅकावर भरंवसा ठेवला नाहीं. मुलुंडच्या नाक्यावरचा पोरगा मात्र आपला सर्व जीव त्याच्या हवालीं करून खालीं शिरतो, कारण मालकानें त्याला दुसरें साधन दिलेलें नसतें.

आतां निवडीकडे वळावें. दुकानांत गेलेला मालक पहिला प्रश्न किंमतीचा विचारतो. त्यानें तो तिसरा विचारावा. पहिला प्रश्न वजनाचा. भारतांत जड वाहनांच्या वजनाच्या मर्यादा २०१८ च्या जुलैंत वाढविण्यांत आल्या. त्यांप्रमाणें दोन आंसांच्या ट्रकाचें मालासह एकूण वजन १८.५ टनांपर्यंत असूं शकतें. पुढच्या आंसावर ७ टन व चार टायर असलेल्या मागच्या आंसावर ११.५ टन. मागची एक बाजू उचलतांना जॅकावर त्याच्या निम्मे, म्हणजे पावणेसहा टन येतात. तेव्हां दहा टनांचा जॅक पुरेसा आहे असें कागदावर दिसतें. परंतु रस्ता नेहमीं सपाट नसतो, माल एका बाजूला सरकलेला असतो, आणि वजनकाट्याच्या पावतींत लिहिलें तेवढेंच ट्रकांत असतें असें समजणारा माणूस या धंद्यांत टिकत नाहीं. जॅकाला त्याच्या अंगावर कोरलेल्या आंकड्याच्या निम्म्यानें राबवावें हा जुन्या फोरमनांचा शिरस्ता शहाणपणाचा आहे. त्या हिशेबानें दोन आंसांच्या भरलेल्या ट्रकाला वीस टनांचा जॅक घ्यावा. ज्या ट्रकाला मागें दोन आंस लागून असतात त्याची मर्यादा त्या जोडीपुरती २१ टनांची आहे. तेथें एक आंस उचलूं गेल्यास शेजारच्या आंसाचाहि कांहीं भार पुष्कळदां जॅकावर येतो, म्हणून तेथें वीस टनांहून कमी चालणारच नाहीं. शाळेच्या लहान बसला दहा टनांचा जॅक शोभतो. पाण्याच्या टँकरचें गणित सोपें आहे: दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन. अर्धा भरलेला टँकर हलका म्हणून बरा, असा समज आहे, पण तो खरा नाहीं. अर्ध्या टाकींतील पाणी गाडी कलली कीं खालच्या बाजूला धांव घेतें, आणि तें धांवतांना आपलें वजनहि बरोबर नेतें. उचलण्यापूर्वीं टाकी रिकामी करतां आली तर फार उत्तम.

दुसरा प्रश्न उंचीचा, आणि तोच बहुतेक विसरतात. वीस टनांचा साधारण जॅक मिटलेला असतां सुमारें चोवीस सेंटिमीटर उंच असतो. चाकांत हवा भरपूर आहे तेव्हां गाडीखालीं वाकून जागा मोजली तर तो सहज मावेल असें वाटतें. पण जॅक लागतो तो हवा गेल्यावर! मागें जोडटायर असतात. एक बसला तरी दुसरा गाडी तोलून धरतो. पुढें मात्र चाकाला एकच टायर; तो बसला कीं आंस जमिनीकडे येतो आणि चोवीस सेंटिमीटरांची बाटली बाहेरच राहते. मग भर रस्त्यांत खड्डा खणण्याचा किंवा जॅक आडवा करून घुसविण्याचा उद्योग सुरू होतो. जॅक आडवा केल्यास पंपाच्या तोंडाशीं तेलाऐवजीं हवा येते आणि दांडा नुसता डुलत राहतो. म्हणून खरेदीपूर्वीं पुढच्या चाकाची हवा मुद्दाम सोडून आंसाखालची जागा मोजावी, आणि जॅक त्याहून दोन बोटें कमी उंचीचा घ्यावा. तसा न मिळाल्यास गाडींत एक जाड फळी बाळगावी; बसलेलें चाक हळूच तिच्यावर चढविलें कीं तेवढी जागा मोकळी होते.

मिटलेल्या उंचीबरोबर चढाचीहि चौकशी करावी. बसलेला टायर जमिनीवरून सुटला म्हणजे काम झालें असें नव्हे. त्याच्या जागीं येणारा टायर हवेनें भरलेला व म्हणून उंच असतो, तो शिरण्यापुरतें आणखी उचलावें लागतें. जॅकाच्या डोक्यावर जो आंट्यांचा स्क्रू असतो तो अशा वेळीं उपयोगीं पडतो, पण त्याचा उपयोग उचलण्यापूर्वीं जागा भरून काढण्याकरितां आहे. ओझें पडल्यावर तो फिरवूं नये, आणि पूर्ण बाहेर काढून तर वापरूंच नये. आंट्यांपैकीं निम्मे आंत राहिले पाहिजेत.

भंगारांतून रंग फांसून आलेले जॅक स्वस्त मिळतात. त्यांच्या अंगावर ओझ्याचा आंकडा कोरलेला नसून नुसता रंगविलेला असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावें. नवा जॅकहि पारखून घ्यावा. भरलेल्या गाडीखालीं तो लावून चाक जमिनीपासून किंचित् सुटेपर्यंत उचलावें, दट्ट्यावर खडूनें एक रेघ ओढावी आणि चहा घेऊन यावा. पंधरा मिनिटांनीं रेघ जेथल्या तेथें असेल तर झडपा ठीक आहेत. रेघ खालीं गेली असेल तर जॅक परत करावा, मग दुकानदार कितीहि ओळखीचा असो. ही परीक्षा चालू असतां गाडीखालीं कोणीहि जाऊं नये, हें सांगावयास नकोच; पण सांगितलेलें बरें.

उपयोगाच्या वेळीं पहिला विचार जागेचा करावा. द्रुतगती मार्गावर, पुलाच्या चढावर, किंवा वळणावर हवा गेली तर टायर वाचविण्यासाठीं तेथेंच थांबूं नये. शंभर-दोनशें पावलें हळूहळू पुढें जाऊन टायर खराब झाला तरी चालेल. पूर्वीं मुलुंडच्या नाक्यावर जकातीसाठीं ट्रकांच्या रांगा लागत, तेव्हां रांगेंतच चाक बदलण्याचा प्रकार चाले. १ जुलै २०१७ पासून जकात गेली, आणि रस्ता मोकळा झाल्यामुळें मागून येणाऱ्या गाड्यांचा वेग वाढला. आतां फांदी पुरत नाहीं. उजेड परतविणारा त्रिकोण पन्नास पावलें मागें ठेवावा. बस असेल तर मुलांना आधीं खालीं उतरवून रहदारीपासून दूर, कठड्याच्या पलीकडे उभें करावें. मुलें बसमध्यें ठेवूनच बस उचलणारा चालक वजन तर वाढवितोच, पण एक मूल खिडकीकडे धांवलें कीं तें वजन हालवितोहि.

हातब्रेक लावावा, आणि जें चाक उचलावयाचें त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून व मागून पाचरी ठोकाव्या. धोंडे लावल्यास ते काम झाल्यावर उचलून न्यावे. रात्रीं रस्त्याच्या मध्यावर पडून राहिलेला ट्रकवाल्याचा धोंडा किती स्कूटरवाल्यांच्या कपाळीं येतो, त्याची गणती कोणी ठेवीत नसेल, पण ज्याच्या घरीं ती वेळ आली त्याला ती पुरती ठाऊक असते.

नंतर जॅकाखालची जमीन. एका वीतभर बैठकीवर सहा टन! मे महिन्यांतील दुपारीं डांबर मऊ झालेलें असतें. पावसाळ्यांत कडेची माती आंतून पोकळ झालेली असते. सोसायट्यांतून बसविलेले सिमेंटचे ठोकळे दिसायला कठीण, पण त्यांच्याखालीं नुसती रेती असते. या तिन्ही ठिकाणीं जॅकाची एक कड खचते, जॅक तिरपा होतो, आणि तिरप्या जॅकाच्या माथ्यावरून आंस निसटतो. म्हणून खालीं हातभर लांबरुंद, चार बोटें जाड अशी बाभळीची किंवा सागाची अखंड फळी घालावी. आतां त्या विटांचा समाचार. वीट दाब सोसते खरी, पण तो सर्व अंगावर सारखा पडला तरच. खालीं एखादा खडा असेल, वरून जॅकाची कड टेंकली असेल, तर ती चिरत नाहीं, एकदम फुटते. लाकूड आधीं करकरतें, वाकतें, सूचना देतें. वीट तसें कांहीं करीत नाहीं.

गाडी जमिनीवर असतांनाच चाकाचे नट अर्धा अर्धा फेरा सैल करून घ्यावे. गाडी जॅकावर चढविल्यावर पान्यावर पाय देऊन उड्या मारणें हा आपल्याच हातानें गाडी ढकलून देण्याचा प्रकार आहे. कांहीं ट्रकांच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आंटे असतात. नट सुटत नाहीं म्हणून पाना लांबविण्यापूर्वीं तेवढें पाहावें. मग जॅकाचा सोडस्क्रू घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें मिटवून, जॅक चाकाजवळ, आंसाच्या सपाट भागाखालीं, ओळंब्यासारखा उभा लावावा. मध्यावरील गिअरच्या गोळ्याखालीं, पाट्यांच्या टोंकाला, स्टिअरिंगच्या दांड्याखालीं किंवा डिझेलच्या टाकीजवळ तो लावूं नये. हवेवर तरंगणाऱ्या बैठ्या बसगाड्यांना कारखान्यानें जी जागा खूण करून दिलेली असते तीच धरावी. दांडा मारणाऱ्यानें गाडीच्या बाहेर गुडघे टेंकून बसावें; डोकें आंत नेण्याची गरज नाहीं. दांड्याला लांब नळी घालून जोर वाढवूं नये. दांडा जड जात असेल तर ओझें जॅकाच्या मापाबाहेरचें आहे, एवढाच त्याचा अर्थ. दोन माणसांनीं लोंबकळून तो बदलत नाहीं. चांगल्या जॅकांत जादा ओझ्याला तेल परत सोडणारी एक वेगळी झडप असते. ती कारखान्यानें बसविलेली असते, आणि ‘जरा ताकद वाढवून देतों’ म्हणणाऱ्या मिस्त्रीनें तिला हात लावूं नये.

चाक सुटण्यापुरती गाडी उचलली कीं बर्फीवाला पुलाचा धडा गिरवावा. आंसाखालीं किंवा चौकटीखालीं लोखंडी घोडी ठेवावी आणि जॅक किंचित् सोडून भार तिच्यावर घ्यावा. तीन किंवा चार पायांची, खाचांची, खिळ ओढून उंची बदलणारी ही घोडी जॅकाहून महाग नसते. तिच्यांत तेल नाहीं, गोळी नाहीं, सील नाहीं. त्यामुळें बिघडण्यासारखें तिच्यांत फारसें कांहीं नाहीं. तरीहि दहा ट्रकांच्या पेट्या उघडल्या तर जॅक दहांत सांपडेल, आणि घोडी सांपडली तर नवल. ट्रकाचा मालक घोडी कां घेत नाहीं, याचें उत्तर एवढेंच कीं, गाडीखालीं जाणारा तो नसतो. अगदींच घोडी नसेल तेव्हां स्टेपनी किंवा काढलेलें चाक चौकटीखालीं आडवें सरकवून ठेवण्याची जुन्या चालकांची युक्ती आहे. गाडी घसरली तरी ती चाकावर थांबते आणि माणसाच्या छातीएवढी जागा शिल्लक राहते. ‘स्टेपनी’ हा शब्द आतां अस्सल मराठी झाला आहे. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लॅनेली गांवच्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनीं जादा चाक विकावयास काढलें. त्या रस्त्याचें नांव इंग्लंडांत लोक विसरले, पण घाटकोपरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडीं तें अजून आहे.

मालवाहू डंपरचा हौदा वर करून त्याच्याखालीं काम करणारांनीं ही सर्व खबरदारी दुप्पट घ्यावी. तो हौदाहि तेलाच्या दट्ट्यावरच उभा असतो, आणि त्यालाहि स्वतंत्र टेंकू दिल्याशिवाय खालीं मान घालूं नये.

नवें चाक बसल्यावर नट हातानें लावावे, घोडी काढण्यापुरती गाडी उचलावी आणि मग सोडस्क्रू अगदीं हळू, पाव फेऱ्याहूनहि कमी, सैल करावा. एकदम सोडलेला ट्रक फळीवर आदळून जॅकाचें सील जितकें फाडतो तितकें वर्षभराचें काम फाडीत नाहीं. नट समोरासमोरच्या जोडीनें आवळावे, आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हां एकदां आवळून पाहावे.

जॅक चढेनासा झाला कीं लगेच टाकून देऊं नये. पुष्कळदां त्यांत हवा धरलेली असते. सोडस्क्रू सैल ठेवून दांडा दहा-पंधरा वेळां जोरानें मारला, मग सांठ्याचें रबरी बूच क्षणभर काढलें, कीं ती निघून जाते. तेल कमी असेल तर दट्ट्या पूर्ण खालीं असतांना बुचाच्या भोंकापर्यंत भरावें. दट्ट्या वर असतांना भरलें तर तो खालीं येतांना बूच उडतें आणि भरणाराचें तोंड रंगतें. तेल जॅकाचेंच घ्यावें. हातापाशीं आहे म्हणून ब्रेकचें तेल ओतणारे पुष्कळ आहेत. तें बहुतेक जॅकांच्या रबरी सीलांना फुगवून खातें, आणि जॅक चार दिवस बरा चालल्यासारखा वाटून पांचव्या दिवशीं गाडीखालीं बसतो. पाणी शिरलें तर त्याहून वाईट. उपनगरांतल्या पावसाळ्यांत ट्रकाच्या पेटींत पाणी सांचतेंच. दट्ट्यावर गंज चढतो, आणि गंजलेला दट्ट्या कानशीसारखा सीलाला कापतो. दर वर्षीं जूनपूर्वीं दट्ट्या पूर्ण वर घेऊन, पुसून, त्यावर तेलाचा हात फिरवावा. काम संपल्यावर दट्ट्या व वरचा स्क्रू दोन्ही खालीं बसवावे, सोडस्क्रू मिटवावा, दांडा वेगळा करावा आणि जॅक पेटींत उभा, पट्ट्यानें बांधून ठेवावा. आडवा ठेवल्यास गुजरातेंत पोंचेपर्यंत त्यांतलें अर्धें तेल पेटींत आलेलें असतें.